'क्रिमसन किंग'चा दरबार, पुन्हा नव्याने

'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' ही तबकडी १० ऑक्टोबर १९६९ रोजी ब्रिटनमध्ये आयलंड रेकॉर्ड्सने बाजारात आणली. गाणी पाच, दोन्ही बाजू मिळून वेळ सुमारे ४४ मिनिटे. किंग क्रिमसन या बँडची ही पहिलीच ध्वनिमुद्रिका होती आणि बँडला जन्माला येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. तरीही ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली, अमेरिकेत अठ्ठाविसाव्या. पुढे ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक किंवा थोडक्यात 'प्रॉग' म्हणू लागले, त्याचा पाया घालणाऱ्या तबकड्यांत हिचे नाव अगदी सुरुवातीला येते. १९८९, १९९९, २००४, २००९ आणि २०१९ अशी दर काही वर्षांनी ही ध्वनिमुद्रिका दुरुस्त होऊन नव्या रूपात श्रोत्यांपुढे आली आहे. जुने ध्वनिमुद्रण 'रीमास्टर' होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड. कारण या तबकडीची मूळ टेप सदोष होती, शिवाय ती तीसहून अधिक वर्षे बेपत्ता होती.

रॉक संगीतातले गाणे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनेक मिनिटांचे असे. गिटार, बास, ड्रम आणि गायक एवढा सरंजाम त्याला पुरे होई. दशक संपता संपता इंग्लंडमधले काही तरुण वादक या चौकटीबाहेर पडू लागले. त्यांच्या कानावर युरोपीय अभिजात संगीत होते, जॅझ होते, लोकसंगीत होते, आणि या साऱ्याला रॉकच्या दणक्यात जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती. गाणी लांबली, त्यांचे खंड पडू लागले, चालींमध्ये तालाची अनपेक्षित वळणे आली. किंग क्रिमसन याच पिढीचा. गिटारवर रॉबर्ट फ्रिप, बास आणि गायन ग्रेग लेकचे, ड्रमवर मायकेल जाइल्स. सॅक्सोफोन, बासरी, व्हायब्राफोन आणि की-बोर्ड हा सगळा भार एकट्या इयन मॅकडोनाल्डवर होता. पाचवा सदस्य पीटर सिनफील्ड कोणतेच वाद्य वाजवत नसे. तो गीते लिही आणि कार्यक्रमांची प्रकाशयोजना सांभाळी.

१३ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात त्यांची पहिली तालीम झाली. एप्रिलमध्ये ते प्रथम लंडनच्या श्रोत्यांपुढे आले, आणि ५ जुलैला थेट हाइड पार्कमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या प्रचंड मोफत कार्यक्रमात, लाखोंच्या गर्दीपुढे वाजवून गेले. एवढ्या वेगाने वर आलेल्या बँडला ध्वनिमुद्रणासाठी नामांकित निर्माता मिळणे साहजिक होते. मूडी ब्लूज या बँडचे निर्माते टोनी क्लार्क यांच्याबरोबर काम सुरूही झाले, पण मनाजोगते काही हाती लागेना. शेवटी निर्मितीची जबाबदारी पाचही जणांनी स्वतःच्या शिरावर घेतली. विशीतल्या, स्टुडिओचा फारसा अनुभव नसलेल्या मुलांनी घेतलेला हा निर्णय धाडसाचा होता, आणि तबकडीत जे बळ आहे व जे दोष आहेत, त्या दोन्हींचे मूळ बरेचसे या निर्णयात आहे.

मुद्रण झाले ते उत्तर लंडनमधल्या हायबरी भागातल्या वेसेक्स स्टुडिओत. ही वास्तू मूळची चर्चची सभागृह-इमारत. पुढे क्लॅश आणि सेक्स पिस्टल्ससारख्या बँडनीही तिथे मुद्रण केले. १९६९ मध्ये तिथे आठ ट्रॅकचे टेपयंत्र होते. म्हणजे एक इंच रुंदीच्या टेपवर एकमेकांशेजारी आठ पट्टे; प्रत्येक पट्ट्यावर वेगळे वाद्य किंवा आवाज. त्या काळी ही चैन होती, पण किंग क्रिमसनला आठ पट्टे अपुरे पडले. ड्रम, बास, गिटार, सॅक्सोफोनचे एकावर एक चढवलेले थर, बासरी, गायन, आणि या सगळ्याच्या वर मेलोट्रॉन.

मेलोट्रॉनबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण या तबकडीचा रंग बऱ्याच अंशी त्याच्यामुळे आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ बनणारे हे वाद्य दिसायला ऑर्गनसारखे, पण त्याच्या पोटात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा असतो. त्या तुकड्यावर व्हायोलिनचा समूह, बासरी किंवा पितळी वाद्ये यांचा एकेक सूर आधीच मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकू लागते आणि तो सूर ऐकू येतो. टेप साधारण आठ सेकंदांची; तेवढा वेळ संपला की सूर थांबतो, आणि बोट उचलल्यावर स्प्रिंग टेपला परत मूळ जागी खेचते. त्यामुळे मेलोट्रॉनवर सूर हवा तितका लांबवता येत नाही, वादकाला सतत पट्ट्या बदलत राहावे लागते. टेपची गती किंचित हलते, सूर थरथरतो, आणि खऱ्या व्हायोलिनवृंदात कधीच नसलेली एक भुताटकीची छटा त्याला येते. 'एपिटाफ' आणि शीर्षकगीत या दोन्हींमध्ये मॅकडोनाल्डने या मर्यादेतूनच भव्यता उभी केली. खरा वाद्यवृंद आणला असता तर गाणी कदाचित अधिक सफाईदार झाली असती, पण आज त्यांत जी धास्ती भरून राहिली आहे ती आली नसती.

पट्टे संपले की काय करायचे, यावर त्या काळच्या स्टुडिओंचा ठरलेला उपाय होता. भरलेल्या आठ पट्ट्यांचे मिश्रण करून ते दुसऱ्या टेपच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि उरलेल्या पट्ट्यांवर पुढचे वादन चढवायचे. यात दोन तोटे होतात. एकदा एकत्र केलेली वाद्ये त्या नव्या टेपवर पुन्हा सुटी करता येत नाहीत, आणि प्रत्येक उतरवणीत टेपची सुसकारी वाढत जाते, बारीक तपशील पुसट होत जातो. जुन्या टेपच्या संदर्भात 'पिढी' हा शब्द वापरतात तो याच अर्थाने. पहिली पिढी म्हणजे वादकांसमोर चाललेली टेप. तिची प्रत ही दुसरी पिढी, प्रतीची प्रत तिसरी.

सगळे थर चढवून झाल्यावर आठ पट्ट्यांचे मिश्रण दोन पट्ट्यांवर, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूवर, उतरवले जाते. ही स्टिरिओ मास्टर टेप. नेमकी तीच बनवताना घोटाळा झाला. यंत्राचे मुद्रण-हेड टेपशी अचूक काटकोनात जुळवलेले असावे लागते. ते जरासे कलले तरी सर्वांत उंच कंपनसंख्या आधी मरतात: झांजांची चमक, गायकाच्या 'स' आणि 'श'ची धार, तारेवर पडलेल्या नखाचा टणत्कार. या तबकडीच्या मिश्रणात हेडची जुळवणी चुकलेली होती. वरचे स्वर दबले आणि काही ठिकाणी आवाज फाटला. 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' या पहिल्याच गाण्यात हे सर्वाधिक जाणवते. लेकचा आवाज तिथे मुद्दाम यंत्रातून विकृत केलेला आहे, पण वाद्यांमधला काही फाटकेपणा मात्र कोणी मागितलेला नव्हता.

हा दोष भरून काढण्यासाठी मास्टरची एक दुरुस्त प्रत तयार केली गेली आणि पुढच्या बहुतेक तबकड्या त्या प्रतीवरून निघाल्या. मूळ मास्टर कुठेतरी फडताळात गेली आणि विसरली गेली. म्हणजे ज्या आवाजाने बहुतेक श्रोत्यांना हलवले, तोच मुळी प्रतीचा आवाज होता. पुढे देशोदेशीच्या कंपन्यांकडे गेलेल्या टेपा या प्रतीच्याही प्रती. अमुक देशातली तबकडी चांगली वाजते, तमुक देशातली मंद, असे वाद संग्राहकांत चालत आले आहेत, त्यांना हा ठोस आधार आहे.

तबकडी या माध्यमाच्याही मर्यादा होत्या. एका बाजूवर बावीस मिनिटांच्या आसपास संगीत बसवायचे तर खोबणी दाट कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी थोडी उतरवावी लागते. सुई मध्याकडे सरकते तशी एका फेऱ्यात वाट्याला येणारी खोबणीची लांबी घटते आणि उंच स्वर आणखी क्षीण होतात. शीर्षकगीत दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी येते. सर्वांत मोठा मेलोट्रॉन-ध्वनी, सर्वांत दाट गायन, आणि त्याच्या वाट्याला तबकडीवरची सर्वांत गैरसोयीची जागा! त्याआधीच्या 'मूनचाइल्ड'चे नशीब याहून वाईट. सुमारे बारा मिनिटांच्या या गाण्यात गायनाचा भाग सुरुवातीला थोडाच. पुढे गिटार, व्हायब्राफोन आणि ड्रम यांचे अत्यंत हलक्या हाताने केलेले, आयत्या वेळी सुचेल तसे वादन. तबकडीवर ते धुळीच्या कडकडाटात बुडून जाई. अनेक श्रोते सुई उचलून पुढे ठेवत आणि समीक्षकही हा भाग पाल्हाळ म्हणून निकालात काढत.

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि कंपन्यांनी जुना माल घाईघाईने सीडीवर चढवला. हाताला लागेल ती टेप वापरली गेली, अनेकदा तबकडी कापण्यासाठी मुद्दाम बदललेली. 'क्रिमसन किंग'च्या सुरुवातीच्या सीडीही नंतरच्या पिढीच्या प्रतींवरूनच निघाल्या. कडकडाट गेला, पण आवाज पातळ आणि धुरकट राहिला. १९८९ मध्ये स्वतः फ्रिप यांनी ध्वनितंत्रज्ञ टोनी अर्नोल्ड यांच्यासह पहिले रीमास्टर केले. १९९९ मध्ये, तबकडीच्या तिसाव्या वर्षी, सायमन हेवर्थ यांच्या मदतीने दुसरे झाले. दोन्हींत सुधारणा होती, परंतु आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! जी टेप हाती होती तिच्यातच वरचे स्वर पुरेसे नव्हते. ते कृत्रिमरीत्या उचलले की त्यांच्याबरोबर सुसकारीही उचलली जाते. नव्वदच्या दशकात सीडी जास्तीत जास्त मोठ्या आवाजात वाजावी यासाठी जी चढाओढ लागली होती, तिच्यात अनेक जुन्या ध्वनिमुद्रिकांचे वाटोळे झाले. हलके आणि जोरकस यांतला फरकच सपाट केला गेला. 'मूनचाइल्ड'सारखे गाणे असलेल्या तबकडीला अशी वागणूक मिळती तर तिचा जीवच गेला असता.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हरवली असे धरून चाललेली मूळ स्टिरिओ मास्टर अखेर सापडली. तिच्यावरून केलेले रीमास्टर २००४ साली आले. रीमास्टर म्हणजे काय ते इथे स्वच्छ दिसते. तंत्रज्ञ टेप वाजवण्याचे यंत्र त्या टेपच्या कलाप्रमाणे जुळवून घेतो. म्हणजे मुद्रणाच्या वेळी हेड जितके तिरके होते तितकेच वाजवणारे हेड तिरके करता येते आणि दबलेल्या स्वरांतला बराच भाग परत मिळतो. मग टेपवरचा आवाज शक्य तितक्या बारकाईने अंकांत उतरवला जातो. सीडीचे १६ बिट, तर स्टुडिओत आता २४ बिट हा नेहमीचा दर्जा. नंतर येतो निवडीचा भाग: खर्ज किती ठेवायचा, वरचे स्वर किती उघडायचे, सुसकारी तशीच राहू द्यायची की कमी करायची, गाण्यांमधले अंतर किती. यातला प्रत्येक निर्णय कानाचा आहे, आणि दोन कान सारखे नसतात. २००४ च्या आवृत्तीत हात आखडता घेतलेला आहे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. 'आय टॉक टू द विंड'मधली बासरी तिथे पहिल्यांदा श्वासासकट ऐकू येते.

रीमास्टरची हद्द मात्र इथे संपते. दोन पट्ट्यांवर आलेले मिश्रण एकसंध असते. शिजलेल्या आमटीत मीठ-गूळ थोडेफार सावरता येते, पण त्यातली चिंच वेगळी काढता येत नाही, तसेच हे आहे. वाद्यांचे परस्परांतले प्रमाण बदलायचे असेल तर आठ ट्रॅकच्या टेपकडे परत जावे लागते, आणि मग तो रीमिक्स होतो. बाजारात हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने फिरतात. विकत घेणाऱ्याने त्यांतला फरक लक्षात ठेवणे मोलाचे, कारण रीमास्टरमध्ये १९६९ चे निर्णय कायम असतात आणि रीमिक्समध्ये ते पुन्हा घेतलेले असतात.

२००९ मध्ये चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने असा रीमिक्स झाला. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचे प्रमुख स्टीव्हन विल्सन यांनी तो फ्रिप यांच्या सोबतीने केला. विल्सन यांचा जन्म १९६७ चा, म्हणजे तबकडी आली तेव्हा ते दोन वर्षांचेही झाले नव्हते. त्यांची पद्धत अशी: भर घालण्याआधीच्या टेपा आणि नंतरच्या टेपा, दोन्ही संगणकात उतरवायच्या आणि एकमेकींशी तंतोतंत जुळवायच्या. १९६९ साली जागा करण्यासाठी ज्या वाद्यांची एकत्र मोट बांधावी लागली होती, ती अशा रीतीने पुन्हा सुटी मिळतात, तीही पहिल्या पिढीच्या आवाजात. मुद्रण करणाऱ्यांना जे त्या वेळी ऐकायला मिळाले नव्हते ते चाळीस वर्षांनी श्रोत्याला मिळाले. याच वेळी पाच बाजूंनी ऐकू येणारे सराउंड मिश्रणही तयार झाले. पुढे येस, जेथ्रो टल, जेंटल जायंट अशा अनेक बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रिका विल्सन यांच्याकडे याच कामासाठी आल्या, त्याची वाट या रीमिक्सने मोकळी केली.

फरक सर्वांत चटकन कळतो तो 'स्किझॉइड मॅन'मध्ये. गाण्याच्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम एकाच वेगवान फिरतीवर धावतात, मग एकदम सगळे गप्प होतात, पुन्हा काही तुटक आघात, पुन्हा शांतता. चौघांचे हे एकजीव थांबणे आणि निघणे म्हणजे या बँडच्या तालमीचा निखळ पुरावा. जुन्या तबकडीवर हा भाग एका दाट गोळ्यासारखा पोटात गुद्दा मारतो. रीमिक्समध्ये मायकेल जाइल्स यांचा ड्रम वेगळा दिसू लागतो: डाव्या हाताची बारीक कुजबुज, झांजेवरचे हलके ठोके, आघातांच्या मधल्या रिकाम्या जागा त्यांनी किती नेमक्या मोजल्या आहेत ते. जाइल्स हे रॉकमधले फार मोठे ड्रमवादक आहेत, हे मत जाणकारांचे आधीपासून होते. रीमिक्सने ते सामान्य श्रोत्यालाही ऐकवले. 'एपिटाफ'मध्ये मेलोट्रॉनच्या भिंतीमागे फ्रिप यांची साधी, तार छेडणारी गिटार आहे, तीही आता पुढे येते.

पण सगळ्याच गोष्टी हिशेबात जमेच्या बाजूला पडत नाहीत. २००९ च्या आवृत्तीत 'मूनचाइल्ड'मधले मुक्त वादन कापून गाणे सुमारे नऊ मिनिटांवर आणले गेले. पूर्ण रूप त्याच संचात जादा गाणे म्हणून वेगळे दिले. ही कात्री फ्रिप यांच्या संमतीने चालली, तरी ती पटणारी नाही. तबकडीच्या धुळीत जे बुडाले होते ते नेमके डिजिटल रूपातच ऐकण्याजोगे झाले होते. तिघे वादक एकमेकांचा अदमास घेत, एखादा सूर टाकून वाट पाहत कसे पुढे सरकतात, हे शांत खोलीत ऐकले की त्या लांबलचक स्तब्धतेचे कारण उमगते: तिच्यानंतरच शीर्षकगीताचा पहिला मेलोट्रॉन-झोत येतो. स्तब्धता छाटली की झोताचा धक्काही ओसरतो. ती ऐकणाऱ्याची परीक्षा पाहते हे खरे, पण ती परीक्षा तबकडीच्या रचनेचाच भाग आहे.

याखेरीज एक प्रश्न सगळ्याच रीमिक्सना लागू होतो. १९६९ चे मिश्रण दबलेले, दाट आणि काहीसे मळकट आहे, हे मान्य. व्हिएतनामचे युद्ध, सत्तेची हाव आणि माणसाचे दुभंगणे अशा विषयांवरच्या सिनफील्ड यांच्या गीतांना तो मळ मानवतोही. सगळे लख्ख झाल्यावर भीतीचा थोडा अंश कमी होतो, असे म्हणणारे श्रोते आहेत आणि त्यांचे म्हणणे हट्टाचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. २०१९ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने विल्सन यांनी स्वतःचेच काम बाजूला ठेवून संपूर्ण तबकडीचे नवे मिश्रण केले. ते आधीच्यापेक्षा अधिक भरीव आहे, गायन आणि मेलोट्रॉन त्यात एकमेकांत अधिक मिसळतात. एकाच माणसाला दहा वर्षांत तीच टेप पुन्हा वेगळी ऐकू यावी, यातच या कामात कानाचा वाटा किती मोठा आहे ते कळते. पाठोपाठ २०२० मध्ये बँडच्या १९६९ सालातल्या साऱ्या ध्वनिमुद्रणांचा भला मोठा संच आला. स्टुडिओतले अर्धवट प्रयत्न, कार्यक्रमांची मुद्रणे, गायनाविना उरलेले वादन असे सगळे त्यात आहे. अभ्यासकाला ही पर्वणी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

मूळ संच मात्र फार लवकर विखुरला होता. १९६९ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेचा दौरा संपत असतानाच मॅकडोनाल्ड आणि जाइल्स बाहेर पडले. पुढच्या वर्षी लेकही 'एमर्सन, लेक अँड पामर' हा बँड उभारायला गेला. मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लाल चेहरा रंगवणारा बॅरी गॉडबर हा तरुण संगणक-प्रोग्रामर होता. त्याने आयुष्यात रंगवलेले तबकडीचे हे एकमेव मुखपृष्ठ, आणि फेब्रुवारी १९७० मध्ये, २४ व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. चित्राच्या पुढच्या बाजूवर ना बँडचे नाव आहे ना तबकडीचे. बारा इंची आकारात डोळ्यांतले भय आणि घशाची पोकळी जशी अंगावर येते, तशी सीडीच्या छोट्या चौकोनात येत नाही, आणि हे नुकसान कुठल्याही रीमास्टरने भरून निघालेले नाही. लेक २०१६ मध्ये, मॅकडोनाल्ड २०२२ मध्ये आणि सिनफील्ड २०२४ मध्ये निधन पावले.

नव्याने ऐकू पाहणाऱ्यासाठी क्रम असा ठेवता येईल. आधी २००४ च्या रीमास्टरवरून आलेली आवृत्ती पूर्ण ऐकावी, गाणी न गाळता, कारण १९६९ च्या वादकांनी जे मंजूर केले ते सर्वांत जवळून तिच्यात आहे. ती कानात मुरल्यावर २०१९ चे मिश्रण घ्यावे. कोणती वाद्ये कुठे दडली होती ते तेव्हाच कळेल, आधी नाही. हेडफोनवर आवाज बेताचा ठेवून 'स्किझॉइड मॅन'च्या आधीचे काही सेकंद ऐकावेत: दूरवरून हवा सुटल्यासारखा एक क्षीण ध्वनी आहे, आवाज फार चढवला तर पुढचा आघात कान बधिर करतो. २०१९ पासून किंग क्रिमसनचे संगीत स्ट्रीमिंगवरही मिळते, पण तिथे एकाच नावाखाली एकाहून अधिक आवृत्त्या दिसू शकतात. नावापुढे कोणते वर्ष दिले आहे आणि 'मूनचाइल्ड'ची लांबी बारा मिनिटे आहे की नऊ, एवढे पाहिले तरी कोणती आवृत्ती समोर आहे याचा बराचसा उलगडा होतो.